फक्त एक सही

९ ऑक्टोबर

आज पाटी लागली. ‘हरवलेल्या माणसांचा शोध घेतला जाईल. चौकशी वर.’ रंगाऱ्यानं ‘हरवलेल्या’ एवढं मोठं काढलं की ‘शोध’ कोपऱ्यात कोंबावा लागला. असू दे. युद्धानंतरच्या या शहरात तेच प्रमाण आहे.

खोली दुसऱ्या मजल्यावर. खाली दातांचा डॉक्टर. भूल द्यायचं औषध अजून बाजारात नाही, त्यामुळे दिवसभर खालून किंकाळ्या येतात. माझ्याकडे येणारा माणूस जिना चढेपर्यंतच अर्धा होतो.

जेवताना वहिनी म्हणाली, “वन्सं, काखेत कळसा नि गावाला वळसा. आधी तुमचा परवा हरवलेला पायमोजा शोधा.” दादा हसला. युद्धावरून आल्यापासून तो बोलत नाही, पण बायकोच्या विनोदाला हसतो. मी ताट उचलून उठले. ही बाई गणवेशाच्या कारखान्यात बटणं लावते. मी युद्धभर टेलिफोन एक्सचेंजचा बोर्ड सांभाळला, छत हलत असताना जोडण्या दिल्या. पुरुष परतल्यावर आम्हाला एकेक गुच्छ देऊन घरी पाठवलं, ते सोडा. बोर्डवर मी एक गोष्ट शिकले. चेहरा खोटं बोलतो, आवाज बोलत नाही. तेवढ्या भांडवलावर हा धंदा काढला आहे.

१४ ऑक्टोबर

एक म्हातारा आला. त्याला माणूस नको होतं, गल्ली हवी होती. ती पडली, आता तिथे मैदान आहे, असं मी सांगितलं. म्हणाला, “ते मला माहीत आहे हो. पण गेली कुठे?”

पाणी प्यायला आणि गेला.

२१ ऑक्टोबर

गिऱ्हाईक आलं. आणि कसं आलं!

उंच, पन्नाशीच्या अलीकडचे, लष्करी कोट, पण बिल्ले उसवून काढलेले. बसले तेवढ्यात खालून कुणीतरी जिवाच्या आकांतानं ओरडलं. मी दचकले. त्यांची पापणीसुद्धा हलली नाही. “मला मेजर म्हणा,” म्हणाले. “आता कुणी म्हणत नाही, पण कानाला सवय आहे.”

असा आवाज मी बोर्डवर कधी ऐकला नाही. खालच्या पट्टीतला, घाई नसलेला. माणसाच्या पाठीवर हात ठेवावा तसा.

बायको नाहीशी झाली आहे. ते आघाडीवरून परतले तर घर रिकामं. सासू परगावी असते, ती दार उघडत नाही. पोलिसांत का गेला नाहीत, विचारलं. “तिची अब्रू जाईल. बाँबहल्ल्यात तिचा हात चिरडला, तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. मी तिचा वैरी वाटतो तिला.”

“सापडल्यावर काय करायचं?”

“काही नाही. ओढून आणायची नाही मला. फक्त एक सही हवी, फारकतीच्या कागदावर. ती मोकळी, मी मोकळा. या वयात माणसानं पुन्हा सुरुवात करू नये असं थोडंच आहे?”

शेवटचं वाक्य खिडकीकडे बघत बोलले. पण आवाज माझ्याकडे होता. आवाजाचं मला कळतं.

२२ ऑक्टोबर

केस धुतले. सहज.

२८ ऑक्टोबर

मेजर दोनदा येऊन गेले. कामापुरतं बोलतात आणि मग उठतच नाहीत. काल तर माझ्याबद्दल विचारत बसले. घरी कोण कोण असतं, मी घरी कधी जाते, शेजारी बघायला असतात का, वहिनीचं नि माझं पटतं का. अडतीस वर्षांत मला इतकं कुणी विचारलं नव्हतं.

वहिनीला सांगितलं. ती बटणं निवडत होती. म्हणाली, “तुम्हाला काय आवडतं, काय दुखतं, ते नाही विचारलं?”

जळते. दुसरं काय.

२ नोव्हेंबर

एक्सचेंजातल्या माझ्या जुन्या मैत्रिणीला, जाडीला, गाठलं. ती अजून तिथेच ट्रंक बोर्डवर, परगावच्या जोडण्या देते. सासूच्या घराशेजारी औषधाचं दुकान आहे आणि तिथे फोन आहे, हे मेजरांनी सांगितलं होतं. आई-लेकी बोलत असतील तर तिथूनच. जाडीनं आधी नको नको केलं. “वरून बाँब पडत होते तेव्हासुद्धा आपण कुणाची जोडणी कुणाला सांगितली नाही ग.” मी म्हटलं, आजारी बाई आहे, नवरा जीव टाकतोय, पुण्य लागेल तुला.

आज निरोप आला. दर रविवारी दुपारी तिथे एक फोन जातो. आपल्याच शहरातून, खालच्या धक्क्यावरच्या लाँड्रीतून.

जे लष्कराला जमलं नाही ते मी दोन चहांत केलं.

५ नोव्हेंबर

भेटले तिला.

लाँड्रीत इस्पितळाच्या चादरी येतात. वाफेनं पुढचा माणूस दिसत नाही. जमिनीत कमरेएवढा खोल हौद, त्यात कपडे भिजत घालतात. ती टोकाला इस्त्री करत होती. बारीक, केस कापलेले. उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत, खुंट्यांसारखी सरळ राहतात. त्या दोन बोटांखाली ती चादर दाबून धरते आणि डाव्या हातानं इस्त्री फिरवते.

मी नाव विचारलं. तिनं इस्त्री उभी करून ठेवली. “त्यांनी पाठवलं?”

“त्यांना फक्त एक सही हवी आहे.”

“आवाज फार छान आहे ना त्यांचा?” ती म्हणाली. “बोटं दाराच्या फटीत धरली होती तेव्हाही याच आवाजात बोलत होते. हलू नकोस, हलू नकोस, म्हणून. मी हलले नाही हो.”

बाँबहल्ला झाला होता ना, मी विचारलं. तिनं ती दोन बोटं माझ्यापुढे धरली. मग माझी बाही धरली. “तुमच्या पाया पडते. सापडले नाही म्हणा. सही हवी असती तर वकील पाठवला असता. स्वतःच्या सासूच्या दारात तीन वेळा कुऱ्हाड घेऊन कोण गेलं, विचारा माझ्या आईला.”

मेजरांनी सांगितलं होतं अगदी तसंच. भ्रम. आणि मला राग आला, खरं सांगते. हिला असा माणूस मिळाला, आणि ही हौदाकाठी बसून त्याच्या नावानं विष ओकते. मी ओरडले, “सही करून टाका आणि त्या माणसाला जगू द्या एकदाचं!” लाँड्रीची मालकीण बाहेर आली. म्हणाली, “बाई, भांडायचं असेल तर रस्त्यावर.”

६ नोव्हेंबर

झोप नाही. बाँबनं दोनच बोटं, तीही एका रेषेत?

पण मी काही डॉक्टर नाही.

दुपारी मेजर आले. मी पत्ता द्यायच्या आधी म्हटलं, तुम्ही तिला दुखवणार नाही ना? ते उठायला लागले. मग म्हणाले, “तुलाही तसंच वाटायला लागलं?” अहो-जाहो सोडून तू म्हणाले. मला इतकी लाज वाटली की जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

पत्ता दिला. कामाची वेळ, मालकीण कधी घरी जाते, मागचं दार कुठे, सगळं त्यांनीच एकेक विचारलं. चार लोकांत तमाशा नको, ती घाबरेल, म्हणून.

निघताना टेबलावरचा माझा एक हातमोजा उचलला. करडा, मनगटाशी रफू केलेला. “हा राहू दे माझ्याकडे.” मी म्हटलं, एका हातमोज्याचं काय करणार? म्हणाले, “दुसरा तुझ्याकडे आहे, हे आठवायला.”

८ नोव्हेंबर

आज ऑफिसात थांबू नकोस, घरी जा, मी उद्या आनंदाची बातमी घेऊन येतो, असा मेजरांचा निरोप होता. मी चारलाच परतले. संध्याकाळभर घरी. वहिनीनं दादाचे केस कापले, मी पडद्याला टीप मारली. साबणाच्या वडीवरून आमचं वाजलं. तिनं माझ्या वाट्याची अर्धी वडी दादाच्या पाठीला वापरली. मी बरंच बोलले. ती म्हणाली, “घ्या माझी,” आणि तिची वडी माझ्या उशाशी आणून ठेवली. असा साळसूदपणा केला की मला जास्तच चीड येते.

९ नोव्हेंबर

ती मेली. लाँड्रीच्या हौदात सापडली. काल संध्याकाळी, मालकीण गेल्यावर.

मेजर सकाळीच आले, दार लावून घेतलं. पोलिसांनी ओळख पटवायला नेलं होतं. डोळ्यांत पाणी नव्हतं. पुरुषाचं दुःख आतल्या आत असतं. “मी गेलोच नाही तिकडे,” म्हणाले. “जाववलं नाही. कागद घेऊन घरी एकटाच बसलो होतो. पण एकट्याचं कोण खरं मानणार? नवऱ्यावर पहिला संशय.” मग माझे दोन्ही हात धरले. “विचारलं तर एवढंच सांग, की मी संध्याकाळी तुझ्या ऑफिसात होतो. आठपर्यंत. आपण दोघंच.”

मी म्हटलं, पण मी घरी होते. दादा-वहिनीनं बघितलंय.

“ती तुझी माणसं आहेत,” ते म्हणाले. “तुझ्यासाठी एवढं करणार नाहीत?”

बिचारी. कसल्या भ्रमात हौदात उतरली असेल.

१० नोव्हेंबर

वहिनीला सांगितलं. पोलीस आले तर म्हणायचं, परवा वन्सं आठनंतर घरी आल्या. तिनं शिवण खाली ठेवलं.

“तुम्ही घरी होता. साबणावरून भांडलात माझ्याशी.”

“होते. पण तू नव्हते म्हण.”

“त्या माणसासाठी?”

“हो.”

“त्या माणसासाठी मी वाळलेलं पानसुद्धा इकडचं तिकडे करणार नाही,” ती म्हणाली. बराच वेळ सुईत दोरा ओवत बसली. ओवला जात नव्हता. “वन्सं, हे पाऊल टाकू नका. तुमच्या पाया पडते.”

या आठवड्यात दुसरी बाई माझ्या पाया पडत होती. मी म्हटलं, तू सांगितलं नाहीस तर मी या घरातून जाईन आणि पुन्हा तोंड दाखवणार नाही. दादाकडे बघितलं तर तो भिंतीकडे बघत होता.

“बरं,” वहिनी म्हणाली. “सांगते. तुमच्यासाठी सांगते.”

१२ नोव्हेंबर

इन्स्पेक्टर आला. गाल सुजलेला. खाली दात काढून सरळ वरच आला होता, तोंडात बोळा. बोलताना प्रत्येक शब्द चघळत होता, त्यामुळे मला जरा बरं वाटलं. मी ठरल्याप्रमाणे सांगितलं. घरी जाऊन त्यानं वहिनीचीही जबानी घेतली. तिनं सही केली. म्हणे, सही करताना हात थरथरला नाही. जन्मात कधी भाजीवाल्याशीसुद्धा खोटं बोलली नाही ती. काम झालं.

मेजर तीन दिवस आले नाहीत. लोकांच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून असणार.

१५ नोव्हेंबर

कोठडी. वही कपड्यांच्या गाठोड्यात आली.

इन्स्पेक्टरनं सगळं टेबलावर मांडलं. मेजर त्या संध्याकाळी अधिकाऱ्यांच्या क्लबात होते. त्यांच्या तुकडीतल्या चौघांनी तशी साक्ष दिली. माझ्या ऑफिसात ते नव्हतेच. आमची ओळख फक्त कामापुरती. मीच त्यांच्या मागे लागले होते, त्यांना लाज वाटायची म्हणून बोलले नाहीत. पत्ता मी त्यांना दिलाच नाही, असं ते म्हणतात. मालकीण सांगते, मी बायकोवर ओरडत होते, त्या माणसाला जगू द्या म्हणून. आणि हौदात, चादरींच्या तळाशी, एक हातमोजा सापडला. करडा.

“बाई,” इन्स्पेक्टर म्हणाला, “त्या संध्याकाळी तुम्ही ऑफिसात नव्हता. वहिनी म्हणते घरीही नव्हता. मग कुठे होता?”

मी हातमोज्यावरचं माझं रफू बघत होते.

त्यानं शिपायाला बाहेर घालवलं. हळूच म्हणाला, “मी सत्तावीस वर्षं हे करतोय. हा हातमोजा तुमच्याकडून कुणी घेतला होता का? फक्त एवढं सांगा. मग मी त्या चौघांना एकेकटं बसवतो.”

मेजरांच्या खिशातला हातमोजा हौदात पडला असेल तर त्याचा अर्थ

वरचं वाक्य अर्धं सोडलं. कुणीतरी त्यांच्या कोटातून चोरला असणार. क्लबात कोट बाहेर टांगतात.

मी सांगितलं, हातमोजा हरवला होता.

१६ नोव्हेंबर

वहिनी धावत ठाण्यात आली. ओरडून सांगत होती, मी खोटं बोलले, वन्सं घरी होत्या, पडदा शिवत होत्या, मला शपथेवर विचारा. इन्स्पेक्टर म्हणाला, “चार दिवसांपूर्वी शपथेवरच सांगितलंत. आता खोटं की तेव्हा खोटं?” दादालाही उभं केलं. त्यानं तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. लिहून दे म्हणाले, तर हात इतका हलला की कागदावर नुसत्या रेघा.

मला विचारलं. मी म्हटलं, वहिनीचं ऐकू नका, ती मला वाचवायला बोलते.

ते खरंच होतं.

३ डिसेंबर

तुरुंग. झडतीत वही सापडली, पण मोठ्या वॉर्डरणीला वाचता येत नाही. तिला वाटलं प्रार्थना आहेत. “लिहा, लिहा,” म्हणाली.

१० डिसेंबर

मेजर आले! मला माहीत होतं.

जाळीपलीकडे बसले. कोट नवा आहे. आधी तब्येतीची चौकशी केली. मग तोच आवाज. “तुला वाटलं असेल मी दगा दिला. ऐक. मी तुझ्याबरोबर होतो म्हटलं असतं तर दोघं अडकलो असतो. एक बाहेर हवा.”

मी म्हटलं, मला ठाऊक होतं.

“आता एकच वाट आहे. रागाच्या भरात हातून झालं, म्हण. बाईमाणूस, आधीचा काही गुन्हा नाही. चार-पाच वर्षं, फार तर. मी थांबेन.”

“थांबाल?”

“इतकी वर्षं युद्धात थांबलो. पण तू नाकारत राहिलीस, तर ते उकरत राहतील, आणि मग मी कुठे जाऊ?”

माझा हात जाळीवर होता. त्यांनी बोट लावलं नाही. वॉर्डरण बघत होती ना. फार जपून वागतात.

संध्याकाळी कागदावर सही केली. इन्स्पेक्टर सही वाळेपर्यंत कागदाकडे बघत बसला आणि मग उठून गेला. माझ्याशी बोलला नाही. विचित्र लोक. गुन्हा कबूल केला तरी यांचं समाधान नाही.

८ जानेवारी

वहिनीही आता इथेच. खोट्या जबानीबद्दल सहा आठवडे. कारखान्यातली नोकरी आधीच गेली होती. घरात काय कमी होती म्हणून इथेही!

तिला स्वयंपाकघरात लावलं आहे. आज रांगेत माझ्या वाडग्यात दोन पळ्या जास्त पडल्या. वर बघितलं तर ही. केस कापलेत तिचे. म्हणाली, “वन्सं, अजून वेळ आहे. खटला उभा राहील तेव्हा खरं सांगा.” मी वाडगा घेऊन पुढे गेले. मागून वॉर्डरणीनं तिला फटका मारल्याचा आवाज आला, बोलल्याबद्दल.

दादाला घरी जेवण कोण देतं कुणास ठाऊक. विचारायचं राहिलं.

१९ फेब्रुवारी

खटला एका दिवसात संपला. वकील म्हणाला होता, राग, राग म्हणा. मी म्हटलं. पण सरकारी वकील म्हणाला, रागात खून करणारी बाई घरच्यांना खोटी जबानी पढवून ठेवत नाही. ही थंड डोक्याची आहे. न्यायाधीशांनी चष्मा पुसला आणि फाशी सांगितली.

मेजर तिसऱ्या रांगेत होते. निकाल ऐकताना घड्याळाकडे बघत होते. त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. एवढा संयम माझ्यानं झाला नसता.

वहिनी सुटली आहे. मागे उभी होती. “घरी होत्या हो, घरी होत्या,” असं ओरडायला लागली, तेव्हा तिला दोघांनी उचलून बाहेर नेलं. सगळ्या लोकांत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

६ मार्च

वॉर्डरण सांगत होती, मेजरांचं लग्न ठरलं. कोळशाच्या व्यापाऱ्याची मुलगी, फार लहान. वर्तमानपत्रात फोटो आहे.

लोकांनी संशय घेऊ नये म्हणून माणसाला काय काय करावं लागतं.

रात्रभर मात्र त्या मुलीची बोटं डोळ्यांपुढे येत होती. का ते कळलं नाही.

११ मार्च

इन्स्पेक्टर येऊन गेला. स्वतःहून. दुसरा गालही सुजलाय. त्या चौघांतला एक दारूच्या नशेत काहीतरी बोलला म्हणे. “तुम्ही एक ओळ लिहून द्या, की सही तुमच्याकडून करवून घेतली. दयेच्या अर्जाला जोडतो. उद्या दुपारपर्यंत वेळ आहे.”

कागद, टाक ठेवून गेला. मी दिवसभर कागदाकडे बघितलं. लिहायला काही अवघड नव्हतं.

पण लिहिलं तर मला कुणी कधी तू म्हणालं होतं, तेही खोटं ठरतं. मग अडतीस वर्षांत राहिलं काय?

१२ मार्च

दुपार झाली. कागद कोरा परत दिला.

१४ मार्च

आज शेवटची भेट. दोनच माणसं बोलवता येतात. मी एकच नाव दिलं होतं.

ते आले नाहीत. बरोबरच केलं. सकाळपासून पाऊस लागला आहे आणि त्यांना थंडी बाधते.

वहिनीचं नाव दिलं नव्हतं, म्हणून तिला आत सोडलं नाही. वॉर्डरण म्हणते ती पहाटेपासून फाटकाशी उभी आहे. दादाही आहे. त्यानं तिच्या डोक्यावर आपला कोट धरला आहे.

मी निरोप पाठवला, भिजू नका, घरी जा.

वॉर्डरण परत आली. म्हणाली, “जात नाही म्हणते. विचारते आहे, वन्सं जेवल्या का?”